परतीचं तिकीट

टिटवाळ्याहून पहाटेच्या लोकलला किटबॅग दाराशी उभी करून डब्यातल्यांची बोलणी खाणाऱ्या पोरांसाठी हा अंक. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेची शतकं त्यांना पाठ असतात. २०१९चा हॅम्पशायरमधला हंगाम कुणी सांगत नाही. विश्वचषक संघात जागा नाही, म्हणून कौंटी. पदार्पणात ११९, पुढे धावा आटल्याच. परतल्यावर ऑगस्टमध्ये अँटिग्वात ८१ आणि १०२! सगळ्यांचं परतणं असं नसतं: जपानचा बेसबॉलपटू केई इगावा न्यूयॉर्क यांकीजकडे चालला नाही, २०१२मध्ये मायदेशी ओरिक्सकडे आला. त्याला तिथेही जुना सूर गवसला नाही. असंही होतं. पण ‘हात हलवत आला’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य मला खटकतं. त्यापेक्षा परतलेल्याला नेट्सवर बोलवावं आणि विचारावं, मे महिन्यात इंग्लंडात ड्यूक चेंडू किती हलतो?