टिनियनच्या धावपट्ट्या

पॅसिफिकमधले टिनियन बेट जपानी अमलात उसाच्या मळ्यांचे होते. १९४४मध्ये अमेरिकेने ते जिंकले. नौदलाच्या बांधकाम तुकड्यांनी पोवळ्याचा खडक फोडून नॉर्थ फील्डवर अडीच किलोमीटरहून लांब अशा चार धावपट्ट्या घातल्या. बी-२९ विमाने जपानी शहरे जाळायला इथूनच झेपावत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ‘एनोला गे’ विमान अणुबॉम्ब घेऊन हिरोशिमाकडे निघाले तेही इथूनच. तीन दिवसांनी ‘बॉक्सकार’, दुसरा अणुबॉम्ब घेऊन. युद्धानंतर तळ ओस पडला, रान माजले. अणुबॉम्ब ज्या खड्ड्यांतून विमानांत चढवले, ते तेवढे काचेखाली जपले आहेत. अलीकडे अमेरिकी हवाई दलाने रान तोडून धावपट्ट्या पुन्हा मोकळ्या करायला घेतल्या. या अंकात ओसाड लष्करी विमानतळांवर लेख आहेत, ते त्यामुळेच.