आकाशमार्गांतील तीन वर्ग

दिवा स्थानकावर रोज सकाळीं उभें राहणाऱ्यास वर्गभेद निराळा शिकवावा लागत नाहीं. पहिल्या वर्गाचा पास खिशांत असला, तरी डब्यांत पाऊल ठेवावयास मिळेलच असें नाहीं! रेल्वेचा तिसरा वर्ग 1974 सालीं गेला; विमानांत मात्र तीन वर्ग सुखानें नांदत आहेत.

हा विषय सुचण्याचें कारण घरचेंच. न्यूयॉर्कहून चिरंजीवांनीं कळविलें, “अण्णा, तुम्ही व आई वरच्या वर्गानेंच या, पैशाचा विचार करूं नका.” त्यांच्या घराचें कर्ज अद्याप फिटावयाचें आहे, तेव्हां तो विचार मलाच करणें प्राप्त झालें.

8 जून 1948 रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान 35 उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें उतरत गेलें. वाटेंत पाय मोकळे करावयास सवड होती. आज न्यूयॉर्कपर्यंत न थांबतां जावयाचें तर पंधरा-सोळा तास बसावें लागतें. म्हणून आसनाची एवढी चर्चा.

एअर इंडियानें 2024 सालीं प्रवासास काढलेल्या एअरबस ए-350 विमानांत 316 आसनें आहेत : पुढच्या वर्गांत 28, मधल्यांत 24 व मागें 264. पुढच्या आसनाची सपाट शय्या होते. मधल्या वर्गांत दोन रांगांतील अंतर सुमारें 38 इंच, तर मागें 31 इंच.

परंतु दाम कितीहि मोजा, हवा सर्वांस एकच. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच तिचा दाब. ओलावा इतका थोडा कीं, घसा सर्वांचाच सुकतो. फार वेळ बसून पायांच्या शिरांत रक्त सांकळण्याचें भय असतें. त्यावर मधून मधून उठून चालणें, पोटऱ्या हालविणें व पाणी पिणें, हे उपाय कोणत्याहि वर्गांत फुकटच आहेत. वृद्धांनीं वाटेलगतचें आसन मागून घ्यावें.

मग जास्त पैसे कशाचे? निद्रेचे आणि गुडघ्यांचे. सौभाग्यवतीचे गुडघे दुखरे, म्हणून मीं सुचविलें, “तूं पुढें नीज, मी मागें बसतों.”

ती म्हणाली, “अहो, चाळीस वर्षें एका घरांत काढलीं, आतां सोळा तासांसाठीं मध्यें पडदा कशाला?”

अखेर दोघांसाठींहि मधला वर्ग ठरला. मागच्या वर्गाहून जें अधिक भाडें पडेल, तें माझ्या निवृत्तिवेतनांतून. चिरंजीव रागावले आहेत. राग निवळेल, कर्ज मात्र वाढून बसलें असतें.