सिमेंटची पोती आणि जिहादचा गल्ला

जिहादी संघटना म्हटली की डोळ्यांसमोर उभे राहतात काळे झेंडे, बंदुका आणि भडक भाषणे. पण कुठलीही फौज नुसत्या भाषणांवर पोसली जात नाही. तिला रोज भाकरी लागते, डिझेल लागते, पोरांना पगार वाटावे लागतात. मग हा पैसा येतो कुठून? श्रीमंत देणगीदार, खंडणी, तेलाची चोरटी विक्री ही उत्तरे आता सर्वांना पाठ आहेत. एक उत्तर मात्र थेट पॅरिसमधल्या एका प्रतिष्ठित कंपनीच्या दारात नेऊन सोडते.

लाफार्ज ही फ्रान्सची जुनी, नावाजलेली सिमेंट कंपनी. उत्तर सीरियात जलाबिया येथे तिने सुमारे ६८ कोटी डॉलर खर्चून कारखाना उभारला. २०१० साली तो सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी देशात यादवी पेटली. इतर परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. लाफार्जने २०१२ मध्ये आपले परदेशी अधिकारी सीरियाबाहेर हलवले, भट्टी मात्र विझू दिली नाही. ती चालली स्थानिक कामगारांच्या जिवावर, अगदी शब्दशः! कामावर येता-जाता त्यांना बंदूकधाऱ्यांचे नाके ओलांडावे लागत. काहींचे अपहरणही झाले.

माणसांची आणि मालाची वाट मोकळी राहावी म्हणून कंपनीने मध्यस्थांमार्फत पैसे मोजायला सुरुवात केली. आधी दरमहा ठरावीक रक्कम, मग इसिसशी चक्क विक्रीच्या प्रमाणात वाटा देण्याचा करार. सिमेंट जितके जास्त खपेल, तितकी इसिसची कमाई जास्त! एवढ्यावरही भागले नाही. तुर्कस्तानातून येणारे सिमेंट इसिसने अडवावे किंवा त्यावर कर लावावा, असाही बेत होता. म्हणजे पाश्चात्त्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या संघटनेने एका पाश्चात्त्य कंपनीचे प्रतिस्पर्धी रोखायचे!

वरवर पाहता हे विपरीत वाटते. पण दोघांचाही हिशेब सरळ होता. जून २०१४ मध्ये खिलाफत जाहीर करणाऱ्या इसिसला राज्य चालवायचे होते. राज्य म्हटले की कर, परवाने आणि शिक्के आलेच. कंपनीला हवी होती बाजारपेठ आणि मोकळा रस्ता. गादीवर कोण बसले आहे, याची चौकशी तिने केली नाही. खंडणीला कर म्हटले की ती खर्चाच्या रकान्यात निमूटपणे बसते.

सप्टेंबर २०१४ मध्ये इसिसने कारखानाच ताब्यात घेतला. कामगारांना जीव मुठीत धरून पळावे लागले. मागे राहिलेले सिमेंट विकून इसिसने आणखी सुमारे ३२ लाख डॉलर कमावले.

हिशेब उघडा पडला तो पुढे. २०१५ मध्ये लाफार्ज स्विस कंपनी होल्सिममध्ये विलीन झाली. आपल्याकडच्या एसीसी आणि अंबुजा या कंपन्या २०२२ पर्यंत ज्या होल्सिमकडे होत्या, तीच ही. २०१६ मध्ये सीरियातल्या माजी कामगारांनी फ्रान्समध्ये तक्रार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन न्यायालयात लाफार्जने गुन्हा कबूल केला. २०१३-१४ मध्ये इसिस आणि अल-नुसरा फ्रंट यांना सुमारे ५९ लाख डॉलर दिले गेले होते. त्या बळावर विक्री झाली सुमारे ७ कोटी डॉलरची. दंड आणि जप्तीची रक्कम भरावी लागली जवळपास ७८ कोटी डॉलर!

हे उदाहरण एकटे नाही. सोमालियातल्या कोळशावर संयुक्त राष्ट्रांनी २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्याच्या निर्यातीतून अल-शबाब ही संघटना पैसा उभा करत होती. जंगल तुटत होते सोमालियात आणि तो कोळसा पेटत होता आखाती देशांतल्या शेगड्यांत आणि हुक्क्यांत. गिऱ्हाईकाला याचा पत्ताही नसे.

बॉम्बहल्ल्यांनी जिहाद्यांचे तळ उद्ध्वस्त होतात, पण तो तळ उभा राहतो पावत्या, दलाल आणि बँकांच्या आधारावर. म्हणून दहशतवादाचा माग काढणाऱ्याला बंदुकीइतकीच वहीखात्यावरही नजर ठेवावी लागते. जलाबियाच्या वहीत सिमेंटच्या प्रत्येक टनाची नोंद होती. नाका ओलांडून कामावर येणाऱ्या माणसाच्या भीतीसाठी मात्र त्या वहीत रकानाच नव्हता.