छातीत दुखतंय? ऑक्सिजनच्या आधी ईसीजी मागा

आमच्या शिवारातली गोष्ट. रात्रपाळीची लाईट आली म्हणून एक शेतकरी गव्हाला पाणी धरायला गेला. वय बावन्न. दारं मोडता मोडता छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला. शेजाऱ्यांनी गाडीत घालून तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं लगेच तोंडाला मास्क लागला. "ऑक्सिजन लावलाय, आता भ्यायचं काम नाही," असा घरी फोन गेला अन् सगळे निवांत झाले.

बोटाला लावलेलं मशीन तेव्हा ९७ दाखवत होतं. ईसीजी निघाला तासाभरानं. त्यानंतर कळलं की अटॅक मोठा आहे, जिल्ह्याला हलवा. माणूस वाचला, पण हृदय अधू झालं. आज फवारणीचा पंप पाठीवर घेता येत नाही.

त्या एका तासात सगळ्यांचं लक्ष मास्ककडं होतं. चूक तिथंच झाली.

कोरोनाचा धडा इथं चालत नाही

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत सिलिंडरसाठी रात्र रात्र पळालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यामुळं ऑक्सिजन लागला म्हणजे जीव वाचला, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण कोरोनात आजारी होतं फुप्फुस. हवेतला ऑक्सिजन रक्तात जात नव्हता, म्हणून तो वरून द्यावा लागायचा.

हार्ट अटॅकमध्ये बहुतेक वेळा फुप्फुस चांगलं असतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकलेली असते. विहीर तुडुंब भरलीय, पण ठिबकची नळी चोक झालीय असं समजा. विहिरीत आणखी टँकर ओतला म्हणून पुढच्या झाडाला पाणी जाईल का? आधी चोकअप काढावा लागेल.

अभ्यास काय सांगतो

शंभर वर्षांहून जास्त काळ डॉक्टर हृदयाच्या दुखण्यात ऑक्सिजन देत आले. त्याचा खरंच किती फायदा होतो, हे स्वीडनमध्ये ३५ दवाखान्यांत मोठ्या प्रमाणावर तपासलं. अटॅकचा संशय असलेले, पण ऑक्सिजनची पातळी ९० किंवा त्याहून जास्त असलेले ६,६२९ रुग्ण घेतले. निम्म्यांना मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन ६ ते १२ तास दिला, निम्म्यांना साधी हवा. २०१७ मध्ये निकाल आला. वर्षभरात ऑक्सिजनवाल्यांतले शेकडा ५.० दगावले, साध्या हवेवाले ५.१. म्हणजे फरक नाहीच.

त्याआधी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या अभ्यासात तर ऑक्सिजन दिलेल्यांच्या हृदयाला जास्त इजा झालेली दिसली. तो अभ्यास लहान होता, ४४१ रुग्णांचा, म्हणून त्यावरून शेवटचा निकाल लावता येत नाही. पण रक्तात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन झाला की हृदयाच्या नळ्या आवळतात, हे डॉक्टरांना माहीत आहे.

म्हणून युरोपातल्या हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्येच नियम केला. पातळी ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन द्या. ९० किंवा वर असेल तर सरसकट लावू नका.

मग जीव कशानं वाचतो?

गुठळी फुटली तर. अन् ती जितकी लवकर फुटेल तितकं हृदय वाचतं. १९८८ मध्ये १७ हजारांहून जास्त रुग्णांवरचा एक अभ्यास जगभर गाजला. साध्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळीनं मृत्यू जवळपास चौथ्या हिश्शानं कमी झाले. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शननंही तेवढेच. दोन्ही मिळून घट ४२ टक्के. अ‍ॅस्पिरिनची गोळी मिळते किरकोळ पैशात, पण तिचा फोटो कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही. मास्क लांबून दिसतो, नातेवाइकांना धीर देतो. डॉक्टरनं तो लावला नाही तर "पेशंटला नुसतं झोपवून ठेवलंय" म्हणून आपणच ओरडतो. दबाव आपलाही असतो, हे कबूल केलं पाहिजे.

छातीत दुखलं तर

दुखणं छातीतून हात, जबडा किंवा पाठीकडं जात असेल, घाम येत असेल तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपू नका. १०८ ला फोन करा. माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. अ‍ॅस्पिरिन द्यायची का, हे फोनवर डॉक्टरला विचारा. अल्सर, रक्तस्राव किंवा अ‍ॅलर्जी असलेल्याला ती चालत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर तीन प्रश्न विचारा:

१. ईसीजी काढला का? तो पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा.

२. ऑक्सिजनची पातळी किती आहे?

३. नळी उघडायची सोय कुठं आहे, तिथं किती वेळात पोचू? अँजिओप्लास्टीपर्यंत दोन तासांत जमणार नसेल, तर गुठळीचं इंजेक्शन इथंच देता येईल का?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लावलेला मास्क आपल्या मनानं काढायचा नाही. धाप लागलेल्या, पातळी घसरलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लागतोच. ते डॉक्टरच ठरवणार.

कोरोनानंतर गावोगाव सिलिंडरची चौकशी झाली. आता पुढच्या ग्रामसभेत दुसरी चौकशी करू. आपल्या आरोग्य केंद्रातलं ईसीजी मशीन चालू आहे का, रात्री ते चालवणारं कुणी असतं का, अन् गुठळीचं इंजेक्शन सगळ्यात जवळ कुठं मिळतं? अटॅक आल्यावर हे विचारत बसायला वेळ नसतो.