जुन्या खुराड्यात नवी पिल्ले

बर्ड फ्लूची वार्ता आली की खेड्यात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक भीतीपोटी सर्व कोंबड्या आठवडे बाजारात नेऊन विकतो. दुसरा भाव उतरल्याची संधी साधून त्याच बाजारातून तलंगा विकत आणतो. एका खुराड्यातील रोग दुसऱ्या खुराड्यात पोहोचण्यास या दोघांचा सौदा पुरेसा असतो.

दोष वन्य पाखरांना दिला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत हा विषाणू आढळला होता. परंतु आभाळातील पाखरांना आवर घालणे कोणाच्या हाती नाही. डालग्यात घालून आणलेली कोंबडी मात्र मालकाच्या इच्छेनेच घरात येते. २००६ साली नवापूर येथे हा रोग देशातील कोंबड्यांत प्रथम आढळला, तेव्हा तो मोठ्या कुक्कुटशाळांचा प्रश्न वाटला होता. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या दगावल्या, तेव्हा खेड्यापाड्यांनाही तो टाळता येणार नाही हे उघड झाले.

साथ ओसरेपर्यंत नवी पिल्ले आणूच नयेत, हा सल्ला सर्वांत निर्धोक होय. रोगग्रस्त म्हणून घोषित केलेल्या क्षेत्रात तर पशुसंवर्धन विभागाच्या परवानगीवाचून पक्षी आणण्याचा विचारही करू नये. परंतु अंड्यांच्या पैशावर ज्या घरचे तेलमीठ चालते, त्याला रिकामे खुराडे परवडत नाही. अशा घराला नुसता नकार ऐकवून भागणार नाही.

त्याने बाजारातील तलंगांऐवजी खात्रीच्या अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्ले, सर्व एकाच खेपेस, आणावीत. ती जुन्या कोंबड्यांपासून किमान ३० दिवस निराळी ठेवावीत. अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात व तेवढा काळ कोणी घाई करीत नाही. मग आणखी नऊ दिवसांचा धीर जड जाऊ नये. मात्र निराळी ठेवणे म्हणजे त्याच खुराड्यात मधे जाळी मारणे नव्हे. जागा दूर हवी. पाण्याची भांडी, झाडू आणि पायातील चपलाही स्वतंत्र हव्यात. विषाणू विष्ठेतून पसरतो आणि विष्ठा माणसाच्या पायांबरोबर हिंडते. जुन्या कोंबड्यांचे काम आधी उरकावे, नव्या पिल्लांचे नंतर, व हातपाय साबणाने धुतल्याखेरीज मागे फिरू नये. आणलेली पिल्ले खुडूक कोंबडीखाली सोडण्याची जुनी रीत एरवी उत्तम असली, तरी साथीत ती पहिल्याच रात्री नव्याजुन्याची गाठ घालून देते. त्याऐवजी विजेच्या दिव्याची ऊब द्यावी. घरी बदके असल्यास ती पिल्लांपासून दूरच ठेवावीत. बदक धडधाकट दिसत असूनही रोग बाळगून असू शकते.

मानमोडीची लस टोचली म्हणजे बर्ड फ्लूचेही भय उरले नाही, असा समज आढळतो. तो खोटा आहे. ती लस मानमोडीपुरतीच होय.

या सूचना आजवर बहुधा चावडीवर पुरुषांना सांगितल्या गेल्या. खुराडे झाडते, दाणे टाकते आणि कोणती कोंबडी सुस्त बसली आहे हे प्रथम ओळखते ती घरची बाई. कार्यकर्त्याने परसात जाऊन तिच्याशी बोलल्यावाचून चावडीवरील सभेचा उपयोग थोडाच.

निराळ्या ठेवलेल्या पिल्लांत अचानक मर झाल्यास उरलेली विकू नयेत, मेलेली नाल्यात फेकू नयेत. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००९ च्या कायद्याने अशी वर्दी देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि ते त्याच्याच हिताचे आहे. सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही; गप्प बसलेल्या मालकाचे नुकसान दिवसागणिक वाढत जाते. दवाखान्याचा माणूस येईपर्यंत मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये व लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.