परिषदेला कोणी जावे?

काशीच्या दशाश्वमेध घाटाला लागूनच मानमंदिर नावाचा एक जुना वाडा उभा आहे. इ. स. १६०० च्या सुमारास आमेरचा राजा मानसिंह याने तो बांधला. पुढे अठराव्या शतकात त्याच घराण्यातील सवाई जयसिंहाने वाड्याच्या गच्चीवर वेधशाळा उभारली. सम्राटयंत्र, चक्रयंत्र, दिगंशयंत्र ही तेथील साधने आजही पाहावयास मिळतात.

जयसिंह केवळ यंत्रे बांधून थांबला नाही. युरोपातील ज्योतिषी काय करीत आहेत, हे कळावे म्हणून त्याने पाद्री मानुएल द फिगेरेदो याच्याबरोबर आपली माणसे पोर्तुगालला पाठविली. ती १७३० च्या सुमारास फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके घेऊन परतली. त्यांतील चंद्राचे स्थान प्रत्यक्ष वेधाशी सुमारे अर्ध्या अंशाने जुळत नाही, असे जयसिंहाला आढळून आले. परंतु दुर्बिणीच्या साहाय्याने सूक्ष्म कोन मोजण्याची जी रीत युरोपात रूढ झाली होती, ती मात्र या वेधशाळांत उतरली नाही. ग्रंथ आला, त्यामागचे हातचे कसब आले नाही.

विद्वानाची गोष्ट निराळी असते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेचे निमंत्रण आले. त्यांना जाता आले नाही; तथापि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील त्यांचा निबंध तेथे पोहोचला. पुढे १८८६ साली ते व्हिएन्नाच्या परिषदेस स्वतः उपस्थित राहिले. पंडित घरी राहिला, तरी त्याचा निबंध प्रवास करू शकतो. तंत्रज्ञाचे ज्ञान मात्र बहुतांशी त्याच्या हातांत आणि अनुभवांत साठलेले असते. ते टपालाने पाठविता येत नाही.

आजच्या महाविद्यालयांकडे पाहिले असता या भेदाचे महत्त्व ध्यानी येते. संगणकांचे जाळे चालू ठेवणारा, ग्रंथालयाची संगणकीय सूची सांभाळणारा, प्रवेश आणि परीक्षा यांची यंत्रणा राखणारा असा एक वर्ग उच्च शिक्षणात निर्माण झाला आहे. २०२० साली महासाथीमुळे वर्ग बंद पडले, तेव्हा अध्यापन दूरस्थ मार्गाने चालविण्याचा मोठा भार याच वर्गाने उचलला. असे असूनही परिषदांसाठी मिळणारी प्रवास-अनुदाने बहुधा निबंध स्वीकृत झाल्याच्या पत्रावर दिली जातात. ज्याचे काम निबंध लिहिण्याचे नाही, त्याच्यासाठी ते दार आपोआपच बंद होते.

दार उघडण्याची उदाहरणे नाहीत, असे नाही. अमेरिकेत १९९८ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून ‘एज्युकॉज’ ही संस्था स्थापन झाली. उच्च शिक्षणातील तंत्रज्ञांची ती संघटना आपल्या परिषदांसाठी शिष्यवृत्त्या देत आली आहे. आपल्याकडे १९९१ मध्ये आरंभ झालेल्या इन्फ्लिबनेटच्या परिषदांत ग्रंथालयांतील संगणककार्यावर चर्चा होते. व्यासपीठ आहे; लहान गावच्या तंत्रज्ञाने तेथवर पोहोचावे कसे, हाच प्रश्न आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की परिषद म्हणजे सरकारी खर्चाने सहल. काही परिषदांच्या बाबतीत तो खरा आहे. पण मग तो प्राध्यापकांनाही लागू पडतो. दुसरा असा, की शिकून आलेला मनुष्य अधिक वेतनाची नोकरी धरील. काही जण जातीलही. परंतु न शिकलेला मनुष्य तीस वर्षे राहिला, तर संस्थेचा लाभ होतो असे कोण म्हणेल? तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे: घरबसल्या व्याख्यान ऐकता येत असता प्रवास कशाला? व्याख्यान ऐकता येते, हे खरे. परंतु आपली यंत्रणा परीक्षेच्या दिवशी का कोलमडली, हे कोणी व्यासपीठावरून सांगत नाही; ते चहाच्या वेळी, समव्यवसायी मनुष्यापाशीच सांगितले जाते.

म्हणून परिषद-शिष्यवृत्तीचे नियम तंत्रज्ञाला जुळतील असे असावेत. निबंधाऐवजी त्याने आपल्या संस्थेतील एक न सुटलेली अडचण एका पानात मांडावी. त्यावरच निवड व्हावी. लहान आणि दूरच्या महाविद्यालयांना अग्रक्रम मिळावा. कंत्राटी सेवकही पात्र ठरावेत. पैसे आगाऊ द्यावेत. ‘आधी खर्च करा, मग मागा’ ही पद्धत अल्पवेतनी मनुष्याला नकारासारखीच असते. परतल्यावर त्याने शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना आपण पाहिलेले प्रत्यक्ष करून दाखवावे, एवढी अट पुरे.

महाविद्यालये यंत्रांवर मोठा खर्च करतात आणि ती चालविणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च किरकोळ म्हणून वगळतात. मानमंदिराच्या गच्चीवरील यंत्रे अजून उभी आहेत. मात्र त्यांवर नित्य वेध घेणारे हात केव्हाच उरले नाहीत. आजच्या संगणकांना तर दगडाइतकेही आयुष्य नाही. ती जुनी होतील, बदलली जातील; पण एकदा शिकलेला मनुष्य पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडेल. खर्चाची आखणी करणाऱ्यांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.