कोंबडीलाही मन आहे, आणि आपल्याला खातेवही



उन्हाळा आला की जीवदयेला आपल्याकडे उत्साह येतो. गच्चीवर पाण्याचं भांडं, पाखरांना दाणे, पांजरपोळात चाऱ्यासाठी देणगी. सगळं चांगलंच आहे. पण कोंबडीचा विषय काढा, मंडळात दोन उत्तरं ठरलेली: "आपण कुठे खातो? आपला काय संबंध?" आणि "एवढासा मेंदू, तिला काय कळतंय!" मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत.

आधी मेंदूचं बघू. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश, वर पिसांची रजई. साधारण २४ अंशांपर्यंत तिला बरं वाटतं. पारा त्याच्या बराच वर गेला की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग (तो आपल्याही मेंदूत असतो) हुकूम सोडतो: खाणं कमी कर, पाणी पी, पंख अंगापासून दूर धर, चोच उघडून धाप टाक. रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. सतत धापा टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्ताचा तोल बिघडतो. उन्हाळ्यात अंड्यांची कवचं पातळ होतात, त्याचं हे एक मोठं कारण. उष्णता वाढतच राहिली तर मेंदूच्या पेशींनाही इजा होते. पेशी स्वतःला वाचवायला खास प्रथिनं बनवतात, पण त्यालाही मर्यादा आहे. मग कोंबडी मरते.

अंगणातली कोंबडी अशा वेळी सावलीत जाते, गार मातीत अंग घोळवते. पिंजऱ्यातली काय करणार? मेंदू सांगतो पंख पसर, आणि पंख पसरायला जागा नसते. मेंदू सांगतो सावलीत जा, आणि दार बंद असतं. ज्याला काही कळत नाही त्याचा असा कोंडमारा होत नाही. आपल्या पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे की कोंबडी संज्ञी पंचेंद्रिय, म्हणजे मन असलेला जीव. मग तिला काय कळतंय, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

आता संबंधाचं. हिंसा स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, तिन्हींत दोष आहे. आपण पहिल्यावर थांबतो. मी कॉमर्सची, म्हणून हिशेब मांडते. नातवाच्या वाढदिवसाचा केक बाहेरून येतो, त्यात अंडं आहे का, कोणी विचारत नाही. घरातली दलाली मक्याची आणि सोयापेंडीची, माल जातो कोंबडीखाद्याच्या कारखान्यात. गावाबाहेरची जागा भाड्याने दिलेली, तिथे पोल्ट्रीची शेड. म्युच्युअल फंडात कोणत्या कंपन्या आहेत, माहीत नाही. ताट स्वच्छ आहे हो, खातेवही नाही.

"एवढं बघत बसलं तर धंदा कसा करायचा?" असं घरातली पुरुषमंडळी म्हणतील. श्रावकाने कोणते धंदे टाळावेत याची पंधरा कर्मादानं आपल्या आचार्यांनी सांगून ठेवली आहेत, तीही धंदा करणाऱ्यांसाठीच. धंदा न करणाऱ्याला त्यांची गरज काय? सगळं एका दिवसात सुटणार नाही, पण विचारायला तर सुरुवात करता येते.

आणि कायदाही आपल्या बाजूने आहे. देशाच्या प्राणी वाहतूक नियमांनुसार २५ अंशांच्या वर तापमान असताना कोंबड्यांची वाहतूक करायची नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या भर दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, जाळ्यांनी खचाखच भरलेले टेम्पो सर्रास जातात. आपण काच वर करून नाकाला पदर लावतो. त्याऐवजी गाडीचा नंबर टिपून तक्रार करावी. जीवदयेच्या फंडातून एखाद्या वकिलाची फी भरली, तर तेही अभयदानच आहे.

या चातुर्मासात आयंबिल, उपवास जरूर करा. सोबत एका संध्याकाळी घरातल्या गुंतवणुकीचे कागद काढून बसा आणि घरच्यांना विचारा, यातला कोणता पैसा धापा टाकणाऱ्या जिवाचा आहे.